तळाशी बसणारा

लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात नव्या कॉम्प्युटरची खोकी काउंटरवर मांडली, की गिऱ्हाइकाचा हात आधी ग्राफिक कार्डाकडे जातो. साहजिकच आहे. खोक्यावर चित्रं असतात, कार्डावर दोन-दोन पंखे असतात आणि पन्नास हजारांच्या मशीनमधले निम्म्याच्या जवळपास पैसे त्या एकट्याने घेतलेले असतात. मग प्रोसेसरचं छोटं निळं खोकं हातात फिरवून बघितलं जातं, मग रॅमच्या पट्ट्या, मग कॅबिनेटची काच. एक खोकं मात्र बिल होईपर्यंत कोणी उचलत नाही. उचललं तर मनगटाला लगेच कळेल, की आत काहीतरी भरीव आहे. दीड-दोन किलोचा काळा चौकोनी गडी. एका अंगाला जाळीमागे पंखा, दुसऱ्या अंगातून निघालेला तारांचा जाडजूड झुबका. पूर्ण नाव स्विच मोड पॉवर सप्लाय, पण त्या नावाने त्याला बाजारात कोणी हाक मारत नाही. ‘एसएमपीएस कुठला टाकू?’ एवढंच दुकानदार विचारतो आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘टाका कुठलाही.’

हा ‘कुठलाही’ माझ्या मनात गेली कित्येक वर्षं सलतो आहे.

पूर्वी त्याची जागा कॅबिनेटमध्ये वर, मागच्या कोपऱ्यात असायची. खालच्या सगळ्यांची गरम हवा तोच आपल्या पोटातून ओढून बाहेर टाकायचा. आता त्याला तळाशी बसवतात आणि काचेतून दिसू नये म्हणून वर पत्र्याचं आवरण घालतात. तिथे तो जमिनीलगतच्या जाळीतून गार हवा घेतो आणि आपल्यापुरतं बघतो. अंगमाप मात्र फारसं बदललेलं नाही. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचा नमुना ठरवला, तेव्हापासून रुंदी १५० मिलिमीटर, उंची ८६. मदरबोर्ड बदलले, प्रोसेसरचे पाय गेले, फ्लॉपी गेली, सीडी गेली. पण मागच्या पत्र्यावरची त्याची चार स्क्रूंची भोकं आहेत तिथेच आहेत.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी. आतल्या चिपांना हवी असते ती एका दिशेने वाहणारी, संथ आणि थोडकी: १२ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट. हे रूपांतर पूर्वी लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरने होत असे. जुन्या रेडिओच्या मागे ते धूड असायचं, गुणगुणायचं आणि तापायचं. सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची संथ वीज पेलायची, तर लोखंड भरपूर लागतं. एसएमपीएसने यातून वेगळी वाट काढली. तो आलेली वीज आधी सरळ करून घेतो, मग तिचे सेकंदाला हजारो, लाखाच्या घरात तुकडे पाडतो. एवढ्या वेगाने तुटणाऱ्या विजेला मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. पलीकडे ते तुकडे पुन्हा सांधून, गाळून तो वाहता प्रवाह तयार करतो. या कामाला क्षणाचीही उसंत नाही. गेममध्ये स्फोट झाला, कार्डाने अचानक जास्त वीज मागितली, की त्याला तुकड्यांची लांबी तिथल्या तिथे बदलावी लागते. नाहीतर बाराचे अकरा होतात आणि पडदा काळा पडतो.

ही युक्ती घरगुती कॉम्प्युटरात ज्यांनी लवकर आणली त्यांत रॉड होल्ट या अभियंत्याचं नाव घ्यावं लागतं. १९७७ साली ॲपल टू बाजारात आला, त्याचा पॉवर सप्लाय त्याने केलेला. स्टीव्ह जॉब्झला पंख्याचा आवाज नको होता. पंखा नको तर उष्णता कमी हवी आणि उष्णता कमी हवी तर जुना ट्रान्सफॉर्मर चालणार नाही, अशी ती साखळी होती. ॲपल टू म्हटलं की जॉब्झ आणि वोझ्नियाक आठवतात. होल्ट फारसा कोणाला आठवत नाही. त्याने घडवलेल्या वस्तूचंही नशीब तेच. पुढे १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, त्यातला सप्लाय ६३.५ वॉटचा होता. अख्खं मशीन तेवढ्यात चालायचं. आज मध्यम दर्जाचं एकटं ग्राफिक कार्ड त्याच्या दुप्पट वीज पितं.

त्याचा स्वभाव मला कळला तो तारांच्या रंगांवरून. हल्ली सगळ्या तारा काळ्या येतात, काचेतून बऱ्या दिसाव्यात म्हणून. पूर्वी प्रत्येकीला रंग होता. पिवळी बाराची, लाल पाचची, नारिंगी ३.३ची, काळी परतीची. या झाल्या ओझं वाहणाऱ्या. खरा तो दिसतो उरलेल्यांपैकी तिघींत.

जांभळी तार कधी झोपत नाही. एटीएक्सच्या आधीच्या मशीनमध्ये समोरचा खटका थेट भिंतीतली वीज तोडायचा. विंडोज ९५ बंद केलं, की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही अशा अर्थाची नारिंगी अक्षरं पडद्यावर यायची आणि मग आपल्या हाताने खटका दाबावा लागायचा. एटीएक्समध्ये ते संपलं. मशीन बंद असतानाही एसएमपीएस जांभळ्या तारेतून ५ व्होल्टची बारीक धार चालू ठेवतो. त्या धारेवर मदरबोर्ड एक डोळा उघडा ठेवून असतो, बटणावर बोट पडायची वाट बघत. बोट पडलं, की बोर्ड हिरवी तार खाली खेचतो आणि तळाशी बसलेला हा गडी उठतो. दुरुस्तीवाले बंद पडलेल्या मशीनमधला एसएमपीएस आधी याच हिरवीवरून तपासतात. तिला तारेच्या तुकड्याने काळीशी जोडायचं. पंखा फिरला तर धुगधुगी आहे म्हणायचं.

आणि करडी तार. हिच्याबद्दल मला फार आपुलकी आहे. उठल्या उठल्या तो कोणालाही कामाला लावत नाही. आधी स्वतःचे सगळे व्होल्टेज जागेवर आले का ते बघतो. बारा हे बाराच हवेत. फार तर पाच टक्के इकडे-तिकडे, म्हणजे ११.४च्या खाली नाही आणि १२.६च्या वर नाही. सगळं बसलं, की निदान शंभर मिलिसेकंद आणखी थांबतो आणि मग करड्या तारेतून बोर्डाला खूण करतो: आता चालू द्या. ती खूण येईपर्यंत प्रोसेसर एक आकडाही हलवत नाही. बटण दाबल्यावर पडद्यावर काही यायच्या आधी अर्धा क्षण जातो ना, त्यातला थोडा वेळ त्याच्या या तपासणीचा असतो.

हे सगळं चांगल्या एसएमपीएसबद्दल झालं. करडी तार वाईटालाही असते. पण त्याच्यात ती काही न तपासता, ठरावीक वेळाने, डोळे मिटून खूण करते.

असा एक आमच्या घरी होता. २००६ साली साताऱ्यात बाबांनी पहिला कॉम्प्युटर असेंबल करून आणला. कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट होता. चकचकीत पत्रा आणि वर ‘५०० वॉट’ असा मोठा आकडा. मी तो हातात घेतला होता तेव्हा रिकामा डबा उचलल्यासारखं वाटलं होतं, हे आजही आठवतं. हलका. तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. वर्षभर सुरळीत चाललं. पुढच्या वर्षी मी शिकवणीच्या पैशांतून ८६०० जीटी हे ग्राफिक कार्ड घेतलं, मोस्ट वाँटेड हा गेम नीट चालावा म्हणून. कार्ड काही फार खादाड नव्हतं, पन्नास वॉटच्या आतलं. पण त्या पाचशेवाल्याची ताकद तेवढीही उरली नव्हती. तीन आठवडे गेम मध्येच अडकायचा, मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचं. मी विंडोज दोनदा टाकून बघितलं. जुलैतल्या एका संध्याकाळी वीज जाऊन परत आली आणि टेबलाखाली फटाका फुटावा तसा आवाज झाला. पाठोपाठ वास. कपॅसिटर फुटल्याचा तो वास एकदा घेतला की विसरत नाही. जळक्या माशात कापूर मिसळावा तसा, घशाला धरणारा.

नुसता एसएमपीएस गेला असता तर सातशे रुपयांचं काम होतं. तो एकटा गेला नाही. बोर्ड घेऊन गेला, नवं कार्ड घेऊन गेला, हार्ड डिस्क घेऊन गेला. हार्ड डिस्कवर आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो होते. मामांच्या डिजिटल कॅमेऱ्यात काढलेले, कार्डावरून कॉम्प्युटरवर घेतलेले आणि मग कॅमेऱ्यातून पुसून टाकलेले. आजोबा चांदीच्या ताम्हनासमोर बसले आहेत, आजी मागे उभी आहे आणि तिच्या हातात निरांजन आहे, असा एक फोटो होता. तो मी तुम्हाला शब्दांतच दाखवू शकतो. आजोबा त्यानंतरच्या दिवाळीत गेले.

दुरुस्तीवाल्या काकांनी तो डबा माझ्यासमोर उघडला. आत बरीच जागा मोकळी होती. मी म्हटलं, एवढाच माल असतो का आत? काकांनी फळीवरचा दुसरा, चांगला एक काढून शेजारी उघडा ठेवला. त्यात भिंतीकडच्या तोंडाशी तांब्याच्या दोन गुंडाळ्या होत्या, वीज गाळायला. निळी चपटी गोळीसारखी एक चीज होती, व्होल्टेज उसळलं तर आपल्या अंगावर घेऊन फ्यूज उडवणारी. आमच्या डब्यात त्या जागी बोर्डावर नुसती भोकं होती आणि गुंडाळीच्या जागी सरळ तार डागून दिली होती. चांगल्यातला मोठा कपॅसिटर अंगठ्याएवढा जाड, आमच्यातला करंगळीएवढा. उष्णता शोषायला ठेवलेले ॲल्युमिनियमचे पंखही पातळ पत्र्याचे. काका म्हणाले, “बाळ, एसएमपीएस हातात घेऊन बघत जा. कंपनी छापते ते खोटं असू शकतं, वजन सहसा नसतं.” पुढे मला कळलं, की वजन हीही पक्की कसोटी नाही, डब्यात सिमेंटचा तुकडा घालणारेही निघाले. पण तांबं, ॲल्युमिनियम आणि कपॅसिटर यांत केलेली काटकसर आधी हाताला कळते, हे खरंच आहे.

त्या दिवसापासून मी कोणाचंही मशीन जुळवून द्यायला बसलो की यादी उलटीकडून लिहितो. आधी तळाशी बसणारा.

२०२४च्या जूनमध्ये भाचा साताऱ्याहून माझ्याकडे डोंबिवलीला आला. बारावी झाली होती, ताईने पन्नास हजार दिले होते आणि त्याच्या खिशात घडी घातलेली चिठ्ठी होती. दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडला कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग हे नाव येऊन जमाना झाला, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून तो १९०३ ते १९०७ मधला मुंबईचा गव्हर्नरच आहे. चालता चालता मी चिठ्ठी बघितली. आय-३ १२१००एफ, आठ हजार. एच ६१० बोर्ड, सहा. आठ-आठच्या दोन रॅम, बत्तीसशे. ५०० जीबीची एनव्हीएमई, तीन. आरटीएक्स ३०६०, पंचवीस. काचेचं कॅबिनेट, तीन. आणि शेवटी, बारीक अक्षरात: एसएमपीएस, नऊशे. बेरीज एकोणपन्नास हजार शंभर.

निवड मुलाने विचारपूर्वक केली होती, हे मी त्याला सांगितलं. चार गाभ्यांचा तो लहान प्रोसेसर पैशाच्या मानाने खमका आहे, दोन पट्ट्या घेतल्या हे बरोबर, कारण दोन वाटांनी रॅम वाचली जाते तेव्हा गेम जास्त सुरळीत चालतो. फक्त शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मामा, तो नुसता करंट देतो. त्याने एफपीएस वाढत नाहीत.”

“नाही वाढत.”

“मग?”

दुकानात मी नऊशेवाला डबा मागून घेतला आणि त्याच्या बाजूचं स्टिकर भाच्याकडे फिरवलं. मोठ्या अक्षरात ४५० वॉट. खाली बारीक तक्ता. मी म्हटलं, वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, एवढं तर बारावीत शिकलास, आता मांड. त्याने मोबाइल काढला. ३.३ व्होल्टला २० अँपिअर: ६६. पाचला ३०: दीडशे. बाराला १७: दोनशे चार. किरकोळ धरून साडेचारशेच्या जवळ जातंय, म्हणाला. बरोबर आहे की.

बेरीज बरोबरच असते. गंमत तिच्या वाटणीत आहे. पूर्वीचे बोर्ड पाच व्होल्टवर जगायचे, तेव्हा त्या दीडशेंना किंमत होती. आज प्रोसेसर आणि कार्ड, दोघंही जवळजवळ सगळी वीज बाराच्या तारेवरून ओढतात आणि आपल्या जागेवर हवी तेवढी बारीक करून घेतात. पाचच्या तारेवरचे दीडशे वॉट त्यांच्या काही कामाचे नाहीत. म्हणजे हा डबा त्यांच्या दृष्टीने दोनशे चार वॉटचा. आता दुसरी बाजू मांड. प्रोसेसर जोरात असताना ८९. आरटीएक्स ३०६० हे १७०. पंखे, डिस्क, रॅम, बोर्ड मिळून चाळीस-पन्नास धर. तो गप्प झाला. तीनशेच्या वर जातंय, म्हणाला. आणि हे झालं सरासरीचं. कार्ड मिलिसेकंदाच्या काही भागासाठी छापील आकड्याच्या कितीतरी वर उसळतं. तेवढ्यात ज्याचा दम तुटतो तो बंद पडतो, आणि ज्याला बंदही पडता येत नाही तो जळतो.

मग मी पाचशे पन्नासवाला खाली काढायला लावला. बेचाळीसशे रुपये, पाच वर्षांची वॉरंटी. त्याच्या तक्त्यात बाराच्या खाली ४५ अँपिअर लिहिलेलं. बारा गुणिले पंचेचाळीस, पाचशे चाळीस. नावातला आकडा आणि तारेवरचा आकडा जवळजवळ सारखा. भाच्याने दोन्ही डबे दोन हातांत धरले. तो काही बोलला नाही, पण उजवा हात खाली गेला ते मी पाहिलं.

खोक्यावर ‘८० प्लस ब्राँझ’ असाही शिक्का होता. २००४ पासून हा प्रकार आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेतली निदान ऐंशी टक्के तरी आत पोचते आणि उरलेलीच उष्णता होऊन वाया जाते, असा त्याचा मूळ अर्थ. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या त्याच्या वरच्या पायऱ्या. दुकानदार तो शिक्का दर्जाचा म्हणून दाखवतो. मला ते पटत नाही. शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. वीज उसळली तर हा काय करील, उन्हाळ्यात पाच वर्षांनी कसा असेल, याबद्दल तो काहीच बोलत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीतच अडतीस-चाळीस असतात, कॅबिनेटच्या पोटात आणखी. कपॅसिटर १०५ अंशांचा आहे की ८५चा, हे मला धातूच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं. दहा अंश उष्णता वाढली की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. पण शिक्का नसलेला घ्यायचा नाही, एवढं मात्र पाळावं.

आता खिशाचा प्रश्न उरला. एसएमपीएस तेहेतीसशेंनी महागला होता आणि पन्नासची रेघ ताईने ओढलेली होती. कुठेतरी कात्री लावावी लागणार होती. मी त्याला आरएक्स ६६०० सुचवलं. एकवीस हजार, १३२ वॉट, फुल एचडी पडद्याला पुरेसं. पंचवीसचं कार्ड सोडायला तो तयार होईना. तिथल्या तिथे अर्धा तास गेला. त्याची तगमग मला कळत होती. अठराव्या वर्षी मनात भरलेल्या वस्तूवरून हात काढणं अवघड असतं, आणि ते कार्ड खरोखरच काही बाबतींत सरस होतं. बारा जीबी मेमरीचं. मी घाई केली नाही. समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि त्याला फोटोंची गोष्ट सांगितली. पणजोबांच्या त्या दिवशी त्याची आई निळ्या साडीत होती, हे त्याला माहीत नव्हतं. कसं असणार? चहाचा ग्लास ठेवून तो म्हणाला, “चला, ६६०० घेऊ.” बिल अठ्ठेचाळीस हजार चारशेवर थांबलं. उरलेल्यातून चांगला स्पाइक गार्ड घेतला.

घरी जमिनीवर चादर पसरून आम्ही जोडाजोडी केली. सगळ्यात आधी तळाशी एसएमपीएस, पंखा खालच्या जाळीकडे. चोवीस पिनांचं जाड तोंड बोर्डाच्या कडेला बसवताना जोर लावावा लागतो, तिथे तो घाबरला. मी त्याच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून दाबलं आणि खटका बसला. प्रोसेसरची आठ पिनांची तार वरच्या कोपऱ्यापर्यंत मागून फिरवली. कार्डाचं तोंड शेवटी. मागे काळा खटका असतो त्याच्या, एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला रेघ. रेघेवर दाबला आणि बोर्डावर एक बारीक दिवा लागला. बटण अजून दाबलंच नव्हतं. तो दचकला. तेव्हा मी त्याला जांभळ्या तारेबद्दल सांगितलं.

“पण इथे तर सगळ्या काळ्याच आहेत, मामा.”

“रंग गेले. तार आहे.”

चांगल्या एसएमपीएसचा आणखी एक गुण शहरात कळत नाही, साताऱ्यात कळतो. वीज क्षणभर डोळा मिटते, बल्ब लुकलुकतो आणि परत येते. त्या फटीत तो आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर मशीन उचलून धरतो. पूर्ण ओझ्यावर साधारण सतरा मिलिसेकंद. आपल्या विजेचा एक हेलकावा वीस मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ एक अख्खा हेलकावा हरवला तरी आतल्यांना पत्ता लागत नाही. घरच्या इन्व्हर्टरला वीज पालटून घ्यायला जो वेळ लागतो, तो याच्या आत बसला तर गेम चालूच राहतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं ते यासाठी. भाच्याच्या घरी ते बंद होतं, फोनवर सांगून चालू करवलं. पावसाळ्यात तो मला रात्री अकराला मेसेज करायचा, ‘लाइट गेली, कळलंच नाही.’

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर वादळात त्यांच्या गल्लीत खांबावर फांदी पडली आणि न्यूट्रल तुटली. न्यूट्रल गेली की घराघरांतली वीज एकमेकांवर लोटली जाते. एका घरात दिवे मंद होतात, शेजारी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट चढतात. दोन मिनिटांत गल्लीतले तीन फ्रिज, दोन टीव्ही आणि कितीतरी चार्जर गेले. इन्व्हर्टरने आतून धूर काढला. भाच्याचं मशीन चालू होतं. त्याने सांगितलं, खालून ‘टक्’ आवाज आला, फटाक्यासारखा नाही, काडी मोडावी तसा, आणि सगळं काळं झालं. वास आला, पण थोडा.

तो दुसऱ्या दिवशी एसटीने माझ्याकडे आला. कॅबिनेट चादरीत बांधून मांडीवर घेतलेलं. बोलत नव्हता. मी हिरवी-काळी जोडून बघितली. पंखा हलला नाही. माझ्याकडचा जुना चालता एसएमपीएस बाहेरच ठेवून त्याच्या तारा बोर्डाला जोडल्या. बटण त्यानेच दाबलं. अर्धा क्षण गेला. मग कार्डाचे पंखे फिरले, पडदा उजळला आणि त्याचा डेस्कटॉप आला. मागे ताईचा आणि त्याचा कासच्या पठारावरचा फोटो. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कार्ड, डिस्क, सगळं जिथल्या तिथे. तळाशी बसलेल्याने आलेलं सगळं स्वतःवर घेतलं होतं आणि फ्यूज तोडून दार लावून घेतलं होतं. एकटाच गेला होता.

संध्याकाळी आम्ही पुन्हा ग्रँट रोडला उतरलो. या वेळी काउंटरवर मी बोललोच नाही. भाच्याने एसएमपीएस मागितला, खोकं उघडायला लावलं, स्टिकर उजेडाकडे धरून तक्त्यातलं बाराचं घर शोधलं आणि ओठ हलवत गुणाकार केला. मग डबा हातावर तोलला. पैसे त्याने स्वतःचे दिले, साठवलेले.

रात्री जोडून झालं. त्याने मागचा खटका रेघेवर दाबला आणि बोर्डावरचा तो बारीक दिवा लागला. समोरचं बटण लगेच दाबलं नाही. पत्र्याच्या आवरणावर हात ठेवून वाकून बघत राहिला.

“जांभळी आली,” म्हणाला.